गॅरेजवरच्या घरातला मुलगा

मी वाणिज्य शाखेचा विद्यार्थी. दिवसा कॉलेजात जमा-नावे जुळवायची आणि संध्याकाळी आप्पांच्या गॅरेजच्या वह्या लिहायच्या, असा माझा क्रम. आमच्याकडे गिऱ्हाईक मराठीत तक्रार करते, मिस्त्री कन्नडमध्ये उत्तर देतात आणि बिल मात्र दोघांनाही पटेल असे मला करावे लागते! माझा धाकटा भाऊ शाळा सुटली की गॅरेजातच घुटमळतो. त्याचे हात ग्रीसने माखलेले दिसले की आप्पांचा पारा चढतो. आपल्या मुलांनी या धंद्यात पडू नये, अशी त्यांची इच्छा. भावाला तिथून लांब ठेवण्याची जबाबदारी त्यांनी माझ्यावर सोपवली आहे. नेमके त्याच दिवसांत ब्रूस मॅक्लारेन या मोटार-शर्यतपटूचे चरित्र माझ्या वाचनात आले आणि माझी मोठीच पंचाईत झाली.

ब्रूसचा जन्म ३० ऑगस्ट १९३७ रोजी न्यूझीलंडमधील ऑकलंड शहरी झाला. वडील लेस आणि आई रूथ यांचा रेम्युएरा या उपनगरात पेट्रोल पंप होता, त्याला लागूनच मोटारदुरुस्तीचे वर्कशॉप होते आणि वरच्या मजल्यावर कुटुंबाचे बिऱ्हाड. म्हणजे घर आणि धंदा यांच्यामध्ये फक्त एक जिना! लेस यांना तरुणपणी मोटारसायकलच्या शर्यतींचा भारी नाद होता. दुखापतीमुळे तो सोडावा लागला, पण नाद काही सुटला नाही. पुढे ते क्लबांच्या मोटार-शर्यतींत उतरू लागले. अशा घरातल्या मुलाच्या कानावर अंगाईगीताआधी इंजिनाचा आवाज पडला असेल, तर नवल नाही.

पण नवव्या वर्षी या मुलाचे चालणेच थांबले. डाव्या खुब्याच्या हाडाला पेर्थीस नावाचा विकार जडला. या विकारात मांडीच्या हाडाच्या डोक्याला रक्तपुरवठा होत नाही व ते ठिसूळ होते. त्या काळी उपाय एकच, पाय ताणून बांधून पडून राहणे. ऑकलंडच्याच टाकापुना भागातील मुलांच्या रुग्णालयात ब्रूसने अशी सुमारे दोन वर्षे काढली. ज्या वयात आपण विटीदांडू खेळतो, त्या वयात हा मुलगा छताकडे पाहत पडून होता. तो बरा झाला, पण डावा पाय उजव्यापेक्षा आखूड राहिला आणि चालण्यात किंचित लंगडेपण आले ते कायमचेच.

आता विचार करा, अशा मुलाला कोणता बाप धोक्याच्या जवळ जाऊ देईल? लेस यांनी मात्र वर्कशॉपचे दार त्याला बंद केले नाही. फावला वेळ मिळाला की ब्रूस तिथेच असे. वडिलांनी एक जुनी ऑस्टिन सेव्हन अल्स्टर गाडी घेऊन ती दुरुस्त केली आणि १९५२ साली, अवघ्या चौदाव्या वर्षी, त्याच गाडीतून ब्रूस चढाच्या रस्त्यावरील पहिल्या स्पर्धेत उतरला. मैदानावर जो पाय मागे पडत होता, त्याची उणीव गाडीत कोणाला दिसत नव्हती. गाडी नुसती हाकायची नाही, तर ती खोलायची, तिच्यात काय कमी आहे ते शोधायचे आणि सुधारायचे, ही त्याची पुढली सवय याच वर्कशॉपात लागली.

त्याने अभियांत्रिकीच्या अभ्यासाला प्रवेश घेतला होता. पण १९५८ साली होतकरू चालकाला युरोपात पाठविण्याच्या न्यूझीलंडच्या योजनेत पहिली निवड त्याचीच झाली आणि तो शिक्षण अर्धवट सोडून गेला. १२ डिसेंबर १९५९ रोजी, बाविसाव्या वर्षी, त्याने अमेरिकन ग्रां प्री जिंकली. इंडियानापोलिसची शर्यत वगळता तो तोवरचा सर्वांत तरुण विजेता ठरला. १९६३ मध्ये त्याने स्वतःची कंपनी काढली आणि १९६८ ची बेल्जियन ग्रां प्री स्वतःच्या नावाच्या गाडीतून जिंकली. १९६९ मध्ये उत्तर अमेरिकेतील कॅन-अॅम मालिकेच्या अकराच्या अकरा शर्यती त्याच्याच संघाने मारल्या! ती कंपनी आजही उभी आहे.

इथे चरित्र संपले असते तर मी ते उचलून आप्पांच्या टेबलावर ठेवले असते. पण २ जून १९७० रोजी इंग्लंडमधील गुडवुड येथे नव्या गाडीची चाचणी घेताना तिचे मागचे आच्छादन निखळले. जमिनीवरची पकड सुटून गाडी आदळली आणि ब्रूस जागीच गेला. वय अवघे बत्तीस.

मी वाणिज्याचा विद्यार्थी, म्हणून हिशेब मांडू पाहिला. वर्कशॉप, जुनी गाडी, वडिलांचा नाद हे सारे जमेच्या बाजूला लिहावे, तर गुडवुड कोठे लिहायचे? लेस यांनी दार बंद केले असते, तर मुलगा कदाचित म्हातारा झाला असता, पण तो ब्रूस मॅक्लारेन झाला नसता. हा ताळेबंद मला अजून जुळवता आलेला नाही.

मात्र एक गोष्ट कळली. गॅरेजाचे दार बंद केले, तरी इंजिनाचा आवाज जिन्यावरून वर येतच राहतो. परवा रात्री वह्या मिटताना ही सारी हकीकत मी आप्पांना सांगितली. ते काहीच बोलले नाहीत. रविवारी सकाळी मात्र त्यांनी भावाला हाक मारली, आपला जुना पाना त्याच्या हातात दिला आणि आधी शाळेचा अभ्यास झाला का, ते विचारले.