आवाज पुसणारी वजाबाकी

हल्ली गणेशोत्सवात सोसायटीच्या मांडवात एक संध्याकाळ कराओकेसाठी राखून ठेवलेली असते. निवृत्त शिक्षिका, औषधाच्या दुकानाचे मालक, सुट्टीवर आलेली मुलं एकेक करून हातात माइक घेतात. मागे ओळखीचं वाद्यसंगीत वाजत असतं. फक्त लताबाई किंवा रफीसाहेब जिथे असायला हवेत, ती जागा मोकळी असते. बरेचदा हे संगीत वादकांकडून नव्याने वाजवून घेतलेलं असतं. पण मूळ गाण्यातूनच गाणाऱ्याचा आवाज वगळण्याचीही एक जुनी युक्ती आहे. तिचा माग काढत गेलो, तेव्हा अ‍ॅलन ब्लमलाइन हा माणूस भेटला. अभियंत्यांच्या जगात हे नाव मोठं आहे. आपल्या घरात त्याची करामत रोज वाजते, नाव मात्र कुणी घेत नाही.

ब्लमलाइनचा जन्म २९ जून १९०३ रोजी लंडनमधल्या हॅम्पस्टेडचा. वडील मूळचे जर्मन, आई स्कॉटिश मिशनऱ्याची मुलगी. सात वर्षांचा असताना त्याने घराची दारावरची घंटा दुरुस्त केली आणि वडिलांना रीतसर बिल सादर केलं, खाली सही इलेक्ट्रिकल इंजिनिअर म्हणून, असं सांगतात. पुढे लंडनच्या सिटी अँड गिल्ड्स कॉलेजातून पहिल्या वर्गात पदवी घेऊन १९२४ साली तो टेलिफोनच्या धंद्यात शिरला. तिथे त्याच्या वाट्याला आलं ते लांब पल्ल्याच्या तारांचं दुखणं. शेजारच्या तारेवरचं बोलणं आपल्या तारेत झिरपतं, हे ट्रंक कॉलचे दिवस पाहिलेल्यांना वेगळं सांगायला नको. नको असलेला आवाज कसा मारायचा, हा या माणसाचा पहिला धडा होता.

१९२९ मध्ये तो कोलंबिया ग्राफोफोन कंपनीत आला. त्या काळी ध्वनिमुद्रणाच्या विद्युत यंत्रणेचे हक्क अमेरिकनांकडे होते आणि प्रत्येक तबकडीमागे त्यांना मानधन मोजावं लागे. ब्लमलाइनने त्यांच्या पेटंटला बगल देणारी नवी यंत्रणा उभी केली आणि तीही आधीच्यापेक्षा सरस. १९३१ साली कोलंबिया आणि कुत्र्याच्या चित्राची एचएमव्ही या दोन्ही कंपन्या एकत्र येऊन ईएमआय झाली. आपल्या आजोबांच्या कपाटात ही दोन्ही नावं शेजारी शेजारी असायची.

त्याच वर्षी तो होणारी बायको डोरीन हिच्याबरोबर सिनेमाला गेला होता. बोलपट नवे होते. नट पडद्याच्या एका टोकाहून दुसऱ्या टोकाला जाई, आवाज मात्र एकाच कर्ण्यातून, एकाच जागेवरून येई. इतर प्रेक्षकांनी ते चालवून घेतलं, याला ते सोसलं नाही. घरी परतताना त्याने तिला सांगितलं म्हणे, की यावर आपल्याकडे इलाज आहे. १४ डिसेंबर १९३१ रोजी त्याने पेटंटचा अर्ज दाखल केला. त्यात एकूण ७० दावे होते. पुढे ज्याला आपण स्टिरिओ म्हणू लागलो, त्याचं जवळजवळ संपूर्ण शास्त्र त्या एका दस्तऐवजात आहे.

त्यातली कल्पना समजून घेण्यासारखी आहे. समोर दोन ध्वनिक्षेपक आहेत. दोन्हींतून एकच आवाज अगदी सारख्या प्रमाणात आला, तर कानांना वाटतं की तो मधल्या रिकाम्या जागेतून येतोय. डावीकडचा थोडा वाढवला की आवाज डावीकडे सरकतो. पुढच्या काळात गाणारा नेहमी असाच मधोमध उभा केला गेला, म्हणजे त्याचा आवाज डाव्या-उजव्या दोन्ही बाजूंत तंतोतंत सारखा. वाद्यं इकडेतिकडे पसरलेली. आता उजव्या बाजूतून डावी बाजू वजा करा. जे दोन्हीकडे सारखं आहे ते शून्य होतं, गाणारा नाहीसा होतो, आणि कडेची वाद्यं उरतात. आयुष्यभर बँकेत दोन वह्यांचा ताळमेळ घालणाऱ्या मला हे लगेच पटलं. जुळणाऱ्या रकमांवर खुणा करत जायचं. शेवटी उरतो तो फरक, आणि खरं काम त्या फरकातच असतं.

ब्लमलाइनच्या पेटंटमध्ये ही बेरीज-वजाबाकी ठायी ठायी आहे. दोन्ही बाजूंचे आवाज एकाच खाचेच्या दोन भिंतींवर कोरायचे, ही युक्तीही त्याचीच. तिची गंमत अशी, की सुई आडवी हलते तेव्हा दोन्ही बाजूंची बेरीज वाचते आणि वरखाली हलते तेव्हा वजाबाकी. म्हणजे गाणारा मधोमध असलेल्या प्रत्येक स्टिरिओ तबकडीत त्याच्याविना वाजणारं संगीत मुळातच कोरलेलं असतं, सुईच्या वरखाली होण्यात.

वजाबाकी करणारं साधनही पुन्हा त्याचंच. १९३६ साली टेलिव्हिजनसाठी काम करताना, लांब केबलवर दोन्ही तारांत सारखीच घुसणारी खरखर काढून टाकायला त्याने दोन व्हॉल्व्हची एक जोडी योजली. जे दोन्हीकडे सारखं ते टाकायचं, जो फरक असेल तेवढाच वाढवायचा. ही जोडी पुढे ट्रान्झिस्टरच्या रूपात असंख्य यंत्रांत गेली, आवाज दाबण्याचं बटण असलेल्या कराओकेच्या पेट्यांतही. गायकाला मधोमध उभं करण्याची आणि तिथून उठवण्याची, दोन्ही सोयी एकाच माणसाने करून ठेवल्या.

अर्थात ही युक्ती पूर्ण साधत नाही. ढोलाचा ठोका, बासचा घुमारा हेही मधोमधच ठेवलेले असतात. गायकाबरोबर तेही जातात आणि गाणं पोकळ होतं. उलट आवाजाला दिलेला प्रतिध्वनी दोन्हीकडे वेगवेगळा पसरलेला असल्याने तो मागे रेंगाळतो, घर सोडून गेलेल्या माणसाच्या अत्तरासारखा. शिवाय सत्तरच्या दशकापर्यंतची आपली बहुतेक गाणी एकाच वाहिनीवर, म्हणजे मोनो. तिथे वजा करायला दुसरी बाजूच नाही. त्यांच्यातून आवाज सुटा करणं जमू लागलं ते अलीकडे, संगणकाला हजारो गाणी ऐकवून गळा आणि वाद्य ओळखायला शिकवल्यानंतर. २०१९ साली एका फ्रेंच कंपनीने असा प्रोग्राम सर्वांसाठी खुला केला आणि २०२३ मध्ये जॉन लेननचा आवाज एका जुन्या कॅसेटवरच्या पियानोतून वेगळा काढून बीटल्सचं शेवटचं गाणं आलं.

ब्लमलाइनला मात्र त्याच्या हयातीत कुणी विचारलं नाही. जानेवारी १९३४ मध्ये ॲबी रोड स्टुडिओत सर थॉमस बीचम मोझार्टची ‘ज्युपिटर’ सिम्फनी बसवत होते, तेव्हा याने आपली यंत्रं लावून ती दोन वाहिन्यांत मुद्रित केली. आजही ती ऐकता येते. पण मंदीचे दिवस होते. घरात एक कर्णा घ्यायची मारामार, तिथे दोन कोण घेणार? कंपनीने त्याला टेलिव्हिजनकडे वळवलं. तिथेही त्याने नाव काढलं. १९३६ पासून बीबीसीने वापरलेल्या यंत्रणेत त्याचा मोठा वाटा होता. माझ्या मते कंपनीचं हे गणित चूक नव्हतं, पण पंचवीस वर्षांचं नुकसान करून गेलं.

मग युद्ध आलं. विमानातून अंधारात, ढगांखालची जमीन दाखवणारं एच२एस नावाचं रडार तयार होत होतं. ७ जून १९४२ रोजी त्याच्या चाचणीसाठी हॅलिफॅक्स बॉम्बर आकाशात गेलं. इंजिनात आग लागली आणि वेल्श बिकनॉर गावाजवळ विमान कोसळलं. आतले अकराही जण गेले. त्यांत ईएमआयचे आणखी दोन अभियंते होते. इंजिनातला एक नट नीट आवळलेला नव्हता, एवढंच कारण पुढे निघालं. ब्लमलाइनचा एकोणचाळिसावा वाढदिवस तीन आठवड्यांवर होता. नावावर १२८ पेटंट, घरी डोरीन आणि दोन लहान मुलं. शत्रूला सुगावा लागू नये म्हणून बातमीही दाबून ठेवली गेली. ते रडार जानेवारी १९४३ मध्ये युद्धात उतरलं.

स्टिरिओच्या तबकड्या बाजारात आल्या १९५८ च्या सुमाराला, अमेरिकनांच्या हातून, खाचेच्या त्याच दोन भिंतींवर. पेटंटची मुदत तोवर संपून गेली होती. ॲबी रोडवर त्याच्या नावाची पाटी लागली २०१५ साली आणि ग्रॅमीवाल्यांना तो आठवला २०१७ साली.

१९३५ मध्ये त्याने आणि सहकाऱ्यांनी काही चाचणी-चित्रफिती घेतल्या होत्या. एकीत हेझ स्टेशनावरून वाफेच्या गाड्या जाताना दिसतात. ना गायक, ना वाद्य. गाडी पडद्याच्या एका कडेने आत येते, धडधड तिच्याबरोबर सरकत दुसऱ्या कडेने बाहेर जाते. त्या रात्री सिनेमात त्याला जे खटकलं होतं, ते या गाड्यांपुरतं तरी दुरुस्त झालं होतं.