दंगेखोर वर्ग हाताळायला मास्तरांना १४ दिवस मिळाले आणि त्यातून बास्केटबॉल जन्माला आला

शाळेत बास्केटबॉल खेळायला गेलं की पीटीचे सर पहिल्याच दिवशी एक गोष्ट डोक्यात घालतात. बॉल हातात घेऊन पळायचं नाही. पोरगं कितीही उंच असू दे, नेम कितीही चांगला असू दे, बॉल कवटाळून धावला की शिट्टी वाजणार आणि बॉल समोरच्याला जाणार. म्हणजे पुढं जायचं असेल तर बॉल जमिनीवर आपटत न्यायचा, नाहीतर शेजारच्या पोराकडं बघायचं.

हा नियम आला कुठून? तर एका मास्तरांच्या डोक्यातून. त्यांच्या ताब्यात १८ जणांचा असा एक वर्ग दिला होता, ज्याला कंटाळून आधीच्या दोन शिक्षकांनी हात टेकले होते. त्या मास्तरांचं नाव जेम्स नेस्मिथ.

जेम्सचा जन्म ६ नोव्हेंबर १८६१ चा, कॅनडातल्या ओंटारिओमधल्या अल्मॉन्ट गावाजवळचा. घरचे स्कॉटलंडवरून आलेले. १८७० साली टायफॉइड आला आणि त्यात आई आणि वडील दोघंही काही आठवड्यांच्या अंतरानं गेले. पोरगा तेव्हा जेमतेम नऊ वर्षांचा. मग त्याला मामानं वाढवलं. मामा पीटर यंग कडक शिस्तीचा माणूस, शेतावरची कामं पोराला करावीच लागायची. पंधराव्या वर्षाच्या आसपास जेम्सनं शाळा सोडली आणि तो जंगलात लाकूडतोडीच्या कामावर गेला. काही वर्षं तिथं काढली आणि मग वयानं लहान पोरांच्या शेजारी बसून त्यानं शाळा पूर्ण केली.

१८८३ साली तो मॉन्ट्रियलच्या मॅकगिल विद्यापीठात पोहोचला. व्हायचं होतं पाद्री. पण गडी मैदानावर रमायला लागला. फुटबॉल, लॅक्रॉस, जिम्नॅस्टिक्स, सगळ्यात पुढं. त्या काळी धर्मशास्त्र शिकणाऱ्यानं फुटबॉल खेळणं म्हणजे घरच्यांच्या आणि मित्रांच्या नजरेत वाया जाणं होतं.

अशातच एक किस्सा झाला. एका मॅचमध्ये शेजारी खेळणाऱ्या पोराचा तोल सुटला आणि त्यानं शिवी हासडली. लगेच तो जेम्सकडं वळला आणि तू इथं आहेस हे विसरलोच, असं म्हणून त्यानं माफी मागितली. जेम्सनं त्याला कधी उपदेश केला नव्हता. तो फक्त बरोबर खेळत होता. जे काम व्यासपीठावर उभं राहून होणार नाही ते मैदानावर होऊ शकतं, हे त्याला त्या दिवशी कळलं. धर्मशास्त्राचा अभ्यास त्यानं पूर्ण केला, पण १८९० मध्ये तो पोहोचला अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्स राज्यात, स्प्रिंगफील्डच्या वायएमसीए प्रशिक्षण शाळेत. त्याच्या बहिणीला हा निर्णय कधीच पटला नाही.

आता येऊ त्या वर्गाकडं.

स्प्रिंगफील्डचा हिवाळा म्हणजे बाहेर बर्फ. शरद ऋतूत फुटबॉल, वसंतात बेसबॉल, मधले महिने पोरं जिममध्ये कोंडलेली. तिथं काय, तर कवायत. पाय उचला, हात वर, दांडपट्ट्यासारखी लाकडी मुद्गलं फिरवा. नेस्मिथांच्या वाट्याला आलेला वर्ग तर पुढं वायएमसीएचे व्यवस्थापक होणाऱ्यांचा. चांगली मिसरूड फुटलेली, फुटबॉल खेळून आलेली माणसं. त्यांना या कवायतीत काडीचा रस नव्हता आणि ते ती गोष्ट लपवतही नव्हते.

शिक्षकांच्या बैठकीत नेस्मिथांनी मुद्दा मांडला की दोष या पोरांचा नाही, आपण त्यांना जे देतोय त्याचा आहे. विभागप्रमुख होते ल्यूथर गुलिक. त्यांनी तोच वर्ग नेस्मिथांच्या गळ्यात मारला आणि नवा खेळ काढायला १४ दिवस दिले. बैठकीत तोंड उघडलं की काम आपल्याच अंगावर येतं, हा नियम १८९१ मध्येही लागू होता तर.

पहिले दिवस पार वाया गेले. फुटबॉल मवाळ करून बघितला, तर पोरांना तो मिळमिळीत वाटला. पायानं खेळायचा सॉकर जिममध्ये आणला, तर खिडक्यांच्या काचा गेल्या. लॅक्रॉस आणला, तर हातं-तोंडं फुटली. मुदत संपत आली तरी हाती काही नाही.

मग नेस्मिथ एका जागी बसले आणि खेळांचे तुकडे करून विचार करायला लागले. फुटबॉलमध्ये मारामारी का होते? कारण एकमेकांना पाडतात. पाडतात का? कारण बॉल घेऊन माणूस पळत असतो, त्याला थांबवायचा दुसरा उपाय नसतो. मग पळायलाच बंदी घातली तर? बॉल हातात आला की जिथं आहे तिथूनच तो दुसऱ्याला द्यायचा. पाडायचं कारणच संपलं.

दुसरा प्रश्न गोलचा. गोल जमिनीवर असला की बॉल जोरात मारला जाणार आणि जोर आला की इजा आली. इथं त्यांना लहानपणीचा खेळ आठवला. आपल्या लगोरीचा लांबचा भाऊ शोभेल असा. मोठ्या खडकावर एक दगड ठेवायचा आणि बाकीच्यांनी लांबून आपापला दगड मारून तो पाडायचा. जोरात भिरकावलेला दगड नेम चुकला की लांब जायचा आणि तो आणेपर्यंत राखणदार पकडायचा. अलगद, कमानीसारखा टाकलेला दगड जास्त कामाचा. म्हणून गोल आडवा आणि डोक्याच्या वर. तिथं ताकद चालत नाही, अंदाज लागतो.

दुसऱ्या दिवशी त्यांनी शाळेच्या शिपायाकडं दीड फुटाची दोन खोकी मागितली. शिपाई स्टेबिन्स यांच्याकडं खोकी नव्हती, पीच फळांच्या दोन टोपल्या होत्या. त्या जिमच्या सज्जाच्या कठड्याला ठोकल्या. तो कठडा जमिनीपासून दहा फुटांवर होता. आज जगातल्या बहुतेक कोर्टवर रिंग दहा फुटांवर असते, त्याला कारण हा कठडा. खोकी मिळाली असती तर या खेळाचं नाव काय पडलं असतं, कुणास ठाऊक.

नेस्मिथांनी १३ नियम लिहिले, ऑफिसमधून दोन पानांवर टाइप करून घेतले आणि फळ्यावर टाचले. तारीख २१ डिसेंबर १८९१. वर्गात १८ जण, म्हणून नऊ विरुद्ध नऊ. बॉल सॉकरचा. अख्ख्या मॅचमध्ये एकच गोल झाला. विल्यम चेस या विद्यार्थ्यानं साधारण २५ फुटांवरून तो टाकला आणि निकाल लागला १-० असा.

ऐकायला हे फार गोड वाटतं. पण जानेवारी १९३९ मध्ये रेडिओवर बोलताना नेस्मिथांनी सांगितलेला पहिल्या खेळाचा प्रसंग वेगळाच आहे. त्यात पोरं एकमेकांवर तुटून पडली होती. कुणाचे डोळे काळेनिळे, एकाचा खांदा निखळला, एक जण बेशुद्ध. पळायला बंदी घातल्यावरच हे थांबलं, असं त्यांनी त्या वेळी सांगितलं.

त्या १३ नियमांतली फाउलची कलमं तर नीट वाचण्यासारखी आहेत. खांदा मारणं, धरणं, ढकलणं, पाडणं बंद. एखाद्यानं दुसऱ्यांदा फाउल केला की पुढचा गोल होईपर्यंत तो बाहेर. आणि एका संघानं लागोपाठ तीन फाउल केले की समोरच्या संघाला फुकटात एक गोल. गोलच एखाददुसरा होत असताना ही शिक्षा मोठी होती. एकाचं डोकं फिरलं की भोगायचं सगळ्यांनी. त्यामुळं तापलेल्या गड्याला आवरायचं काम मास्तरांना करावं लागत नव्हतं, त्याचेच साथीदार करत होते. संघभावना या विषयावर नेस्मिथांनी त्या वर्गाला भाषण दिलं नाही. सोय अशी करून ठेवली की एकट्याचं काही चालूच नये.

वर्गातला सगळ्यात अवघड गडी म्हणजे फ्रँक महान. फळ्यावर टाचलेले नियम काही दिवसांतच गायब झाले. नाताळच्या सुट्टीनंतर हाच महान नेस्मिथांकडं आला, कागद आपणच आठवण म्हणून नेले होते असं कबूल केलं आणि परत दिले. खेळाला नेस्मिथ बॉल म्हणू या, असंही त्यानं सुचवलं. मास्तर हसले, या नावानं कुठलाही खेळ मरेल असं त्यांचं मत पडलं. मग महाननंच बास्केट बॉल हे नाव पुढं केलं. ती दोन पानं डिसेंबर २०१० मध्ये न्यूयॉर्कमध्ये लिलावात निघाली आणि ४३ लाख डॉलरला गेली. नेस्मिथांनी स्वतः या खेळातून जवळपास काहीच कमावलं नाही.

सुट्टीला गावी गेलेल्या पोरांनी खेळ बरोबर नेला. जानेवारी १८९२ मध्ये नियम शाळेच्या अंकात छापले गेले आणि वायएमसीएच्या जाळ्यातून तो देशोदेशी पोहोचला. जवळच्या शाळेतल्या शिक्षिका जिमच्या सज्जातून हा खेळ बघायच्या. आम्हालाही खेळता येईल का, असं त्यांनी विचारलं आणि नेस्मिथांनी लगेच हो म्हटलं. १८९२ मध्ये बायकांनी जिममध्ये बॉल घेऊन खेळणं ही साधी गोष्ट नव्हती. त्या पहिल्या खेळाडूंमध्ये मॉड शर्मन होती. १८९४ मध्ये तिच्याशीच नेस्मिथांचं लग्न झालं. भारताचा धागाही याच शाळेशी जोडलेला आहे. स्प्रिंगफील्डमध्ये शिकलेले हॅरी क्रो बक यांनी १९२० मध्ये मद्रासला वायएमसीएचं शारीरिक शिक्षण कॉलेज सुरू केलं आणि तिथून तयार झालेले शिक्षक शाळाशाळांत गेले.

मधल्या काळात नेस्मिथ डेन्व्हरला राहून डॉक्टर झाले आणि १८९८ मध्ये कॅन्सस विद्यापीठात आले. काम काय, तर प्रार्थनागृह सांभाळायचं आणि व्यायाम शिकवायचा. बास्केटबॉलचा संघ त्यांच्याच हाताखाली उभा राहिला. आणि त्या संघानं काय केलं? ५५ मॅच जिंकल्या, ६० हरल्या. अमेरिकन कॉलेज बास्केटबॉलमध्ये कॅन्सस म्हणजे मोठं घराणं. त्या घराण्याच्या इतिहासात जिंकल्यापेक्षा जास्त हरलेला प्रशिक्षक एकच आहे, तो म्हणजे ज्यानं खेळ शोधला तो.

नेस्मिथांना त्याचं फारसं वाईट वाटत नव्हतं. बास्केटबॉल शिकवायचा नसतो, खेळायचा असतो, असं त्यांचं म्हणणं. त्यांचा विद्यार्थी फॉग अ‍ॅलन प्रशिक्षक व्हायला निघाला तेव्हा त्यांनी त्यालाही हेच ऐकवलं. अ‍ॅलननं ऐकलं नाही. तो पुढं देशातल्या सगळ्यात यशस्वी प्रशिक्षकांपैकी एक झाला. इथं खरं तर अ‍ॅलन बरोबर होता. चांगला प्रशिक्षक पोरांना खूप काही देतो. पण नेस्मिथांचा हिशेबच वेगळा होता. स्कोअरबोर्डपेक्षा पोरगा जिममधून बाहेर पडताना कसा आहे, हे ते बघायचे.

१९३६ मध्ये बर्लिन ऑलिम्पिकमध्ये बास्केटबॉल पहिल्यांदा आला. अमेरिकेतल्या प्रशिक्षकांनी पैसे गोळा करून ७४ वर्षांच्या नेस्मिथांना तिथं पाठवलं. फायनल उघड्यावर, मातीच्या टेनिस कोर्टवर झाली आणि पाऊस कोसळला. चिखलात बॉल उसळेना. ज्या देशात खेळ शोधला त्या अमेरिकेनं, ज्या देशात ते जन्मले त्या कॅनडाला १९-८ असं हरवलं. पदकं द्यायला नेस्मिथच उभे होते.

पण त्यांच्या म्हातारपणातली सगळ्यात मोठी गोष्ट बर्लिनमध्ये घडली नाही, ती कॅन्ससमध्ये घडली. १९३३ मध्ये जॉन मॅक्लेंडन नावाचा एक कृष्णवर्णीय मुलगा विद्यापीठात आला. त्याला बास्केटबॉलचा प्रशिक्षक व्हायचं होतं आणि वडिलांनी सांगितलं होतं की थेट नेस्मिथांना जाऊन भेट. तो गेला. नेस्मिथांनी त्याला आपल्या पंखाखाली घेतलं.

अडचण अशी होती की विद्यापीठाच्या संघात कृष्णवर्णीयांना जागाच नव्हती. मॅक्लेंडन पोहण्याच्या तलावात उतरला तेव्हा तलावातलं पाणी काढून टाकण्यात आलं. जो खेळ एकट्याला खेळताच येऊ नये म्हणून बनवला, त्याच खेळाच्या घरात एका पोराला कोर्टच्या बाहेर उभं केलं होतं. संघाचं दार त्याच्यासाठी उघडलं नाही. पण वर्गात, जिममध्ये नेस्मिथ त्याला शिकवत राहिले. गावातल्याच हायस्कूलमध्ये मॅक्लेंडननं शिकवण्याचा सराव केला आणि १९३६ मध्ये तो पदवी घेऊन बाहेर पडला. कॅन्ससच्या संघाकडून एकही मॅच न खेळता.

२८ नोव्हेंबर १९३९ ला नेस्मिथ लॉरेन्स गावात गेले. वय ७८.

१२ मार्च १९४४, रविवार सकाळ. नॉर्थ कॅरोलायनातल्या डरहॅममध्ये लोक चर्चमध्ये होते. मॅक्लेंडन तेव्हा तिथल्या कृष्णवर्णीयांच्या कॉलेजचा प्रशिक्षक होता. ड्यूक विद्यापीठाच्या मेडिकल कॉलेजचा गोऱ्यांचा संघ गुपचूप त्याच्या जिममध्ये आला. त्या राज्यात अशी मॅच खेळणं कायद्याच्या विरोधात होतं, म्हणून दारं बंद केली, प्रेक्षक नाहीत. मॅक्लेंडनची पोरं ८८-४४ अशी जिंकली. मग कुणालाच घरी जायचं नव्हतं. त्यांनी दोन्ही संघ मोडले, गोरे आणि कृष्णवर्णीय खेळाडू दोन्हीकडं वाटून घेतले आणि आणखी एक डाव लावला.