पडद्याआडचा कादंबरीकार

गेल्या वर्षी स्नेहसंमेलनासाठी मी एका कादंबरीवरून एकांकिका रचली. टाळ्या पडल्या, बक्षीसही मिळाले. मूळ लेखकाला विचारावे, हे मात्र कुणाच्या ध्यानी आले नाही. ती टोचणी मनात असतानाच ग्रंथालयात सर वॉल्टर स्कॉटचे चरित्र हाती लागले.

स्कॉटचा जन्म 1771 साली एडिंबरोत झाला. बालपणीच्या आजाराने एक पाय कायमचा अधू झाला. वकिली, न्यायालयातील नोकरी, कवी म्हणून कीर्ती आणि मग 1814 साली ‘वेव्हर्ली’ ही कादंबरी, तीही निनावी! लोकांना संशय होता. स्कॉट कबूल होत नसे.

त्या काळी कादंबरी बाहेर पडली रे पडली की नाटकवाले तिच्यावर तुटून पडत. त्यांना अडवणारा कायदाच नव्हता. ‘आयव्हॅन्हो’ 1819 च्या डिसेंबरात निघाली आणि पुढच्याच महिन्यात लंडनच्या रंगभूमीवर तिची नाटके उभी राहिली. लेखकाला छदामही नाही. स्कॉट संतापला असेल, असे मला वाटले होते. पण 1816 साली डॅनियल टेरी या नटमित्राने ‘गाय मॅनरिंग’ रंगमंचावर आणली, तेव्हा स्कॉटने त्याला एक गाणेही लिहून दिले होते. ‘रॉब रॉय’ 1819 साली एडिंबरोत लागले आणि अडचणीतले थिएटर सावरले. त्यात बेली जार्वीची भूमिका करणाऱ्या चार्ल्स मॅकेला स्कॉटने शाबासकीचे पत्र पाठवले, तेही टोपणनावाने. हे नाटक पुढे जहाजांबरोबर वसाहतींतही गेले. सिडनीचे थिएटर रॉयल 1833 साली उघडले. ‘रॉब रॉय’ त्या शहरानेही पाहिले. अक्षरशत्रू प्रेक्षकालाही स्कॉट भेटला तो असा.

1826 साली प्रकाशक आणि छापखाना दोन्ही बुडाले. स्कॉटच्या डोक्यावर सुमारे 1,20,000 पौंडांचे कर्ज आले. दिवाळे न काढता ते लेखणीने फेडायचे, असे त्याने ठरवले. त्याच वर्षी पॅरिसमध्ये त्याने ‘आयव्हॅन्हो’वरची संगीतिका पाहिली. ही कादंबरी त्याने पोटातल्या असह्य कळा सोसत सांगून लिहवली होती. ती परक्या भाषेत, गाण्यांत ऐकताना त्याला काय वाटले असेल!

23 फेब्रुवारी 1827 रोजी एडिंबरोत गरजू नटांच्या निधीसाठी भोजन होते. तेथे स्कॉटने आपले लेखकत्व जाहीरपणे मान्य केले. कबुली दिली ती नटांच्या पंक्तीत! समोर मॅके बसलेला होता. पुढे टेरीही कर्जात बुडाला आणि जामीन राहिलेल्या स्कॉटवर आणखी बोजा पडला. 21 सप्टेंबर 1832 रोजी तो वारला, तेव्हा कर्ज पुरते फिटले नव्हते. 1833 साली इंग्लंडात नाटककारांना प्रयोगांचा हक्क देणारा कायदा झाला. कादंबरीकार मात्र होते तिथेच राहिले.

परवा मी त्या कादंबरीकारांना पत्र टाकले. उत्तर अजून यायचे आहे.