स्वामी कुवलयानंद : जीवनपरिचय (आणि जास्त लवचीक मुलांच्या व्यायामाविषयी)



21 जून जवळ आला की शाळाशाळांत योगदिनाची तयारी सुरू होते. आपल्या भाईंदरच्या केबिन रोडसारख्या दाटीवाटीच्या भागात मोठं मैदान मिळणं कठीण. मग कुठे वर्गातले बाक सरकवून, कुठे इमारतीच्या गच्चीवर सराव चालतो. अशा वेळी आपण पुढे कोणाला उभं करतो? ज्याचं शरीर रबरासारखं वाकतं त्याला. टाळ्याही त्यालाच मिळतात. पण योगासनं म्हणजे वाकण्याची स्पर्धा आहे का? हा प्रश्न ज्यांच्या जीवनकार्यातून आपोआप सुटतो, त्या स्वामी कुवलयानंदांची आज ओळख करून घेऊया.

बालपण आणि शिक्षण

स्वामीजींचे मूळ नाव जगन्नाथ गणेश गुणे. जन्म 30 ऑगस्ट 1883 रोजी गुजरातमधील डभोई येथे, मराठी कुटुंबात झाला. घरची परिस्थिती बेताचीच होती, पण मुलगा हुशार. 1903 मध्ये मॅट्रिकला त्यांना संस्कृतसाठीची मानाची जगन्नाथ शंकरशेट शिष्यवृत्ती मिळाली. पुढचे शिक्षण बडोद्याच्या कॉलेजात झाले. तो काळ स्वदेशीचा. लोकमान्य टिळकांच्या विचारांचा आणि तेव्हा बडोद्यात शिकवणाऱ्या अरविंद घोष यांचा त्यांच्या मनावर खोल परिणाम झाला. देशसेवा करायची हे त्यांनी तरुणपणीच ठरवून टाकलं होतं.

दोन गुरू

पहिले गुरू बडोद्याच्या जुम्मादादा व्यायामशाळेतले प्रोफेसर माणिकराव. 1907 ते 1910 अशी तीन वर्षे गुणे तिथे भारतीय व्यायामपद्धती शिकले. माणिकराव हे व्यायामाचे शिक्षक तर होतेच, शिवाय हाडे बसवण्याच्या विद्येतही त्यांचे नाव होते. म्हणजे शरीर घडवणारे आणि दुखावलेले शरीर दुरुस्त करणारे, असे दोन्ही हात एकाच गुरूकडे होते.

नंतर गुणे खानदेशात अमळनेरला शिक्षणसंस्थेत आले आणि तिथल्या राष्ट्रीय महाविद्यालयाचे प्राचार्य झाले. म्हणजे बघा, हा माणूस आधी आपल्यासारखाच शिक्षक! राष्ट्रीय वृत्तीमुळे ते महाविद्यालय पुढे इंग्रज सरकारच्या रोषाला बळी पडून बंद झाले.

दुसरे गुरू म्हणजे नर्मदाकाठच्या मालसर गावचे परमहंस माधवदास महाराज. 1919 मध्ये त्यांची भेट झाली आणि गुणे यांच्या आयुष्याला वळण मिळाले. त्यांच्याकडून त्यांनी योगविद्या घेतली.

श्रद्धा होती, तरी तपासून पाहिले

आता खरी गोष्ट सुरू होते. गुरूंवर अपार श्रद्धा असूनही या शिष्याने एक वेगळाच प्रश्न विचारला : ही क्रिया केल्यावर शरीराच्या आत नेमकं काय होतं? 1920-21 च्या सुमारास त्यांनी बडोद्याच्या दवाखान्यात क्ष-किरण यंत्राच्या मदतीने उड्डियान आणि नौली या क्रियांचा अभ्यास केला. नौली करताना मोठ्या आतड्यात बाहेरच्यापेक्षा कमी दाब तयार होतो, हे त्यांनी मोजून दाखवले. या शोधाला त्यांनी आपल्या गुरूंच्या नावावरून 'माधवदास निर्वात' असे नाव दिले.

आपल्या मुलांना विज्ञान शिकवताना हे उदाहरण जरूर सांगा. परंपरेविषयी आदर असला तरी तिची परीक्षा घेता येते, आणि परीक्षा घेऊनही आदर टिकतो.

लोणावळ्याची संस्था

ऑक्टोबर 1924 मध्ये त्यांनी लोणावळ्याला कैवल्यधाम ही संस्था स्थापन केली. त्याच वर्षी 'योगमीमांसा' हे त्रैमासिक सुरू झाले. त्यात प्रयोगांची निरीक्षणे आणि सर्वसामान्यांना करता येण्याजोगी आसने, असे दोन्ही छापले जाई. 1927 साली गांधीजींचा रक्तदाब वाढला, तेव्हा त्यांनीही कुवलयानंदांशी पत्रव्यवहार करून आसनांविषयी सल्ला घेतला होता.

1932 मध्ये मुंबईत संस्थेची शाखा निघाली आणि 1936 मध्ये ती चौपाटीजवळ स्वतःच्या जागेत गेली. आपल्यापैकी जे भाईंदरहून लोकलने चर्नी रोडला जातात, त्यांना मरीन ड्राइव्हवरची ही वास्तू स्टेशनापासून चालत गाठता येईल. मुंबई सरकारच्या शारीरिक शिक्षणाच्या समित्यांवरही स्वामीजींनी काम केले. योग शाळेत यावा, पण पद्धतशीर यावा, ही त्यांची तळमळ होती. 18 एप्रिल 1966 रोजी वयाच्या 83 व्या वर्षी त्यांचे निधन झाले.

त्यांच्या शिकवणीतला मुख्य धडा

1931 साली आलेल्या त्यांच्या 'आसने' या इंग्रजी पुस्तकातून आणि सगळ्याच कामातून एक गोष्ट ठळक दिसते. आसन हळू करायचे, झटके द्यायचे नाहीत, ताकदीपलीकडे शरीर ओढायचे नाही, आणि प्रत्येकाच्या प्रकृतीप्रमाणे क्रम व वेळ ठरवायची. पतंजलींनीही आसनाच्या व्याख्येत स्थिरता आणि सुख या दोनच गोष्टी मागितल्या आहेत. किती वाकलात, याचा तिथे उल्लेखच नाही.

हा धडा ताठ शरीराच्या मुलांना लागू होतो, हे आपल्याला पटकन कळतं. पण तो सर्वात जास्त लागू होतो तो अति लवचीक मुलांना. कसं ते बघूया.

सांधे सैल असणे म्हणजे काय?

दोन हाडांना एकत्र बांधून ठेवणाऱ्या पट्ट्यांना अस्थिबंध म्हणतात. काही मुलांत हे अस्थिबंध जन्मतःच जास्त ताणले जाणारे असतात. त्यामुळे सांधा नेहमीच्या मर्यादेपलीकडे जातो. बऱ्याचदा हे घराण्यातच असते. अनेक मुलांना त्याचा काहीही त्रास होत नाही, आणि वय वाढते तशी लवचीकता कमीही होते. पण काहींना त्रास होतो : संध्याकाळी गुडघे-पावले दुखणे, पाय वारंवार मुरगळणे, लिहिताना बोटे दुखणे, लवकर थकणे. सांध्याची नेमकी स्थिती शरीराला नीट न कळल्यामुळे अशी मुले धडपडतातही.

इथे खरा अन्याय होतो. सकाळी चक्रासन करून टाळ्या घेणारं मूल दुपारी हात दुखतो म्हणालं, की आपण त्याला आळशी ठरवतो. एवढं वाकणाऱ्याला काय दुखणार, असं आपल्याला वाटतं. खरं तर तो वाकतो म्हणूनच दुखतं. अस्थिबंध सैल असल्याने सांधा सांभाळण्याचे काम स्नायूंवर पडते आणि ते दमतात.

सैलपणा मोजण्यासाठी डॉक्टर 'बेटन गुणांकन' वापरतात. ते 1973 मधले, म्हणजे स्वामीजींच्या निधनानंतरचे. त्यात एकूण 9 गुण असतात. करंगळी मागे 90 अंशांपलीकडे जाणे, अंगठा मनगटाकडे वळवून हाताला टेकणे, कोपर आणि गुडघा 10 अंशांपेक्षा जास्त मागे जाणे, याला प्रत्येक बाजूचा एक गुण. आणि गुडघे न वाकवता तळवे जमिनीला टेकले तर एक. वयात न आलेल्या मुलांत साधारण 6 किंवा जास्त गुण असतील तर सांधे सैल मानतात. ही माहिती केवळ समजून घेण्यासाठी आहे. वर्गात मुलांची बोटे ओढून तपासणी करू नका, आणि केवळ गुणांवरून आजारही ठरत नाही.

वर्गात आणि घरी काय करावे?

1. जिथवर शरीर जाऊ शकते त्याच्या थोडे अलीकडे थांबायला शिकवा. अशा मुलाला आणखी ताण देण्याची गरज नाही.
2. उभे राहताना गुडघे मागे ढकलले जात नाहीत ना, हातावर भार घेताना कोपर उलट वळत नाही ना, हे बघा. सांधा किंचित सैल वाकलेला ठेवायला सांगा.
3. पाठीवर दाबून किंवा पाय ओढून कोणीही 'मदत' करू नये. शिक्षकाने नाही आणि मित्रानेही नाही.
4. ताकद वाढवणाऱ्या हालचाली द्या : भिंतीला पाठ लावून अर्धे बसणे, खुर्चीवरून हात न टेकता सावकाश उठणे, टाचा वर करून थांबणे, भिंतीजवळ एका पायावर तोल. थोड्या वेळा, मध्ये विश्रांती, आणि आठवडागणिक हळूहळू वाढ.
5. चालणे, पोहणे चालू ठेवावे. दुखते म्हणून खेळ कायमचा बंद केला, तर स्नायू आणखी दुबळे होतात.
6. बोटे उलटी वाकवून किंवा खांदा सरकवून दाखवण्याच्या 'जादू'ला हसून दाद देऊ नका.
7. लिहिताना मध्ये विसावा द्या, जाड पेन्सिल देऊन बघा.

सांधा वारंवार निखळत असेल, सुजत असेल, रात्रीची झोप मोडेल इतके दुखत असेल, किंवा घरात इतरांनाही असाच त्रास असेल, तर पालकांनी बालरोगतज्ज्ञ किंवा अस्थिरोगतज्ज्ञांना दाखवावे. फिजिओथेरपिस्ट त्या मुलासाठी योग्य व्यायाम बसवून देतात. आपण शिक्षकांनी निदान करायचे नाही, पण जे दिसले ते पालकांना वेळेवर सांगायचे.

मित्रांनो, यंदाच्या योगदिनी एक छोटा बदल करून पाहा. सर्वात जास्त कोण वाकतं याऐवजी, सर्वात शांत आणि स्थिर कोण राहतं, याला टाळ्या द्या. ताठ मुलाला हुरूप येईल, आणि लवचीक मुलाला आपले सांधे पणाला लावावे लागणार नाहीत. क्ष-किरण यंत्रासमोर योगाची परीक्षा घेणाऱ्या त्या अमळनेरच्या शिक्षकाला याहून चांगले अभिवादन ते कोणते?