मालमोटारवाला मॅक्लीन

अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावरील उत्तर कॅरोलिना राज्यात मॅक्स्टन नावाचे एक लहानसे गाव आहे. तेथे १९१३ साली माल्कम मॅक्लीनचा जन्म झाला. वडील शेती करीत आणि शेतीला जोड म्हणून टपाल वाटण्याचे काम करीत. १९३१ साली माल्कमचे शालेय शिक्षण संपले, तेव्हा देशावर महामंदीचे संकट कोसळले होते. पुढे शिकण्याइतका पैसा घरात नव्हता. त्याने काही दिवस किराणा मालाच्या दुकानात काम केले आणि मग जवळच्याच रेड स्प्रिंग्ज गावी एका पेट्रोल पंपाची व्यवस्था तो पाहू लागला.

पंपावर विकावयाचे तेल अठ्ठावीस मैलांवरील फेयेटव्हिल शहरातून येई. ते आणून देणाऱ्या मोटारवाल्यास प्रत्येक खेपेमागे पाच डॉलर मिळतात, हे माल्कमला समजले. त्या काळी पाच डॉलर ही लहान रक्कम नव्हती. पंपाच्या आवारात एक जुनी गाडी गंजत पडली होती. मालकाची परवानगी घेऊन माल्कमने तीच बाहेर काढली. १९३४ च्या मार्च महिन्यात त्याने मालवाहतुकीचा धंदा सुरू केला. भावंडे साहाय्यास होती. चालक मात्र तो एकटाच. पुढे त्याने हप्त्याने एक जुनी मालमोटार घेतली आणि सरकारी कामावर माती वाहिली.

ते दिवस हातातोंडाची गाठ पडण्याचे होते. एकदा न्यूयॉर्ककडे माल नेताना वाटेतील पुलाचा कर भरण्यास त्याच्या खिशात पैसे नव्हते. तेव्हा त्याने आपला पाना नाक्यावरील माणसापाशी तारण ठेवला आणि माल विकून परतताना पैसे देऊन तो सोडवून घेतला.

याच काळातील आणखी एक हकीकत मॅक्लीन पुढे उतारवयात सांगत असे. १९३७ साली तो कापसाचे गठ्ठे घेऊन न्यूयॉर्कजवळच्या होबोकेन बंदरात गेला. गाड्यांची रांग लागली होती. हमाल एकेक गठ्ठा गाडीतून उतरवीत, दोरीत बांधीत, बोटीवर चढवीत आणि तळघरात पुन्हा रचीत. सारा दिवस त्याला गाडीत बसून काढावा लागला. गाडीची पेटीच उचलून बोटीवर ठेवली तर, हा विचार म्हणे तेथेच त्याच्या मनात आला. इतिहासकारांना ही कथा पूर्णपणे पटलेली नाही, आणि ते योग्यच वाटते. कारण त्या विचारावर त्याने पुढील पंधरासोळा वर्षे काहीच केले नाही. मात्र खोळंबलेल्या गाडीत पैसा कसा बुडतो, हे त्याला चालकाच्या आसनावरून कळले होते, यात शंका नाही.

१९४० पर्यंत त्याच्याकडे सुमारे तीस मालमोटारी झाल्या. मुख्य व्यवहार होता तो कापड आणि सिगारेटी उत्तरेकडील शहरांत पोचविण्याचा. असा माल पावसापाण्यात भिजून चालत नाही. म्हणून तो चारही बाजूंनी बंद असलेल्या पेटीतून नेतात. कोणत्या मार्गाने कोणता माल न्यावा आणि दर काय घ्यावा, हे त्या काळी सरकारी आयोग ठरवीत असे. दर कमी करावयाचा तर खर्च कमी आहे हे सिद्ध करावे लागे. मॅक्लीन सेंटासेंटाचा हिशेब ठेवी. वाऱ्याचा अडथळा कमी व्हावा म्हणून त्याने पेट्यांच्या बाजूंना कंगोरे पाडून घेतले. चालकांनी ठरलेल्या पंपांवरच तेल घ्यावे, असा नियम केला; कारण तेथे सवलत मिळे. नव्या चालकाला तो अनुभवी चालकाच्या हाती सोपवी. वर्षभर नव्याच्या हातून अपघात झाला नाही, तर त्या अनुभवी चालकास एक महिन्याचा पगार अधिक मिळे.

१९५३ च्या सुमारास किनाऱ्यालगतचे रस्ते गाड्यांनी तुंबू लागले. मग या पेट्या समुद्रमार्गाने का नेऊ नयेत, असे त्याला वाटले. १९५५ मध्ये त्याने एक जहाज कंपनी विकत घेतली. पण दोन्ही धंदे एकाच्या हाती असण्यास कायद्याची आडकाठी होती. तेव्हा वीस वर्षे खपून उभारलेली मोटार कंपनी त्याने सोडली! प्रथम चाकांसह गाड्या नेण्याचा बेत होता; परंतु चाकांखालची जागा फुकट जाते, हे ध्यानात येताच नुसत्या पेट्याच न्यावयाच्या ठरल्या. कीथ टँटलिंजर या अभियंत्याने एकावर एक रचता येतील अशा भक्कम पेट्या आणि त्यांच्या कोपऱ्यांना जखडणारी कुलपे तयार केली.

२६ एप्रिल १९५६ रोजी ‘आयडियल एक्स’ हे तेलवाहू जहाज तेहेतीस फूट लांबीच्या अठ्ठावन्न पेट्या घेऊन नेवार्क बंदरातून निघाले आणि सहा दिवसांनी ह्यूस्टनला पोचले. सुटा माल चढविण्यास त्या काळी टनामागे सुमारे ५ डॉलर ८३ सेंट खर्च येई. या जहाजावर तो १६ सेंटांहूनही कमी आला. दहा वर्षांनी, १९६६ साली, त्याच्या कंपनीचे जहाज पेट्या घेऊन युरोपात रॉटरडॅमला गेले. टँटलिंजरच्या आग्रहावरून मॅक्लीनने १९६३ मध्येच कुलपांचे व कोपऱ्यांचे हक्क सर्वांना विनामूल्य खुले केले होते. म्हणूनच एका देशाची पेटी दुसऱ्या देशाच्या जहाजावर बसू शकते. आपल्याकडे १९८९ मध्ये सुरू झालेले न्हावा-शेवा बंदर अशाच पेट्यांसाठी प्रसिद्ध आहे.

या सोयीची किंमत मात्र हमालांनी मोजली. ज्या धक्क्यांवर हजारो माणसे पाठीवर ओझी वाहून संसार चालवीत, ते न्यूयॉर्कचे जुने धक्के ओस पडले. संघटनांनी झगडून कित्येकांना उत्पन्नाची हमी मिळवून दिली. पण बापाचे काम मुलाला मिळण्याची जुनी रीत संपली. ते काम अंगमोड करणारे आणि धोक्याचे होते हे खरे. तरी पोटापाण्याचा तो आधार होता.

मॅक्लीनलाही नेहमी यशच आले असे नाही. १९७८ साली त्याने दुसरी जहाज कंपनी घेतली. तेल महाग होते, म्हणून कमी तेलावर सावकाश चालणारी बारा प्रचंड जहाजे बांधविली. जहाजे तयार झाली आणि तेल स्वस्त झाले. १९८६ मध्ये कंपनीचे दिवाळे निघाले, अनेकांच्या नोकऱ्या गेल्या. या घटनेने तो खचला आणि लोकांत मिसळेनासा झाला. तरीही १९९१ साली, वयाच्या सत्त्याहत्तराव्या वर्षी, त्याने पोर्तो रिको बेटाकडे मालमोटारींच्या पेट्या नेणारी नवी कंपनी काढली.

२५ मे २००१ रोजी न्यूयॉर्क येथे त्याचे निधन झाले. अंत्यविधीच्या दिवशी सकाळी जगात ठिकठिकाणी पेटीवाहू जहाजांनी आपले भोंगे वाजविले.