हशाला धार देणारा लोकशाहीर

सह्याद्रीच्या कुशीत उगम पावणारी वारणा सांगलीजवळच्या हरिपूरला कृष्णेला मिळते. तत्पूर्वी ती मोठे अंतर कोल्हापूर आणि सांगली या दोन जिल्ह्यांची सीमा आखत वाहते. या नदीच्या एका काठावर, पन्हाळा तालुक्यात, वारणानगर वसले आहे. तात्यासाहेब कोरे यांच्या पुढाकाराने उभा राहिलेला सहकारी साखर कारखाना, दूधसंघ आणि शिक्षणसंस्था यांमुळे वारणा खोऱ्याचे नाव आज सर्वदूर पोहोचले आहे. परंतु वारणानगर हे नावही अस्तित्वात नव्हते तेव्हा या खोऱ्याने महाराष्ट्राला एक असा कलावंत दिला, ज्याने तमाशाच्या फडातला हशा उचलून गिरणगावाच्या मैदानात नेला आणि त्याला राजकीय हत्याराची धार दिली. हा कलावंत म्हणजे लोकशाहीर अण्णाभाऊ साठे.

अण्णाभाऊंचे नाव घेताच मराठी वाचकाला प्रथम 'फकिरा' आठवते. कादंबरीकार आणि कथाकार म्हणून त्यांचा गौरव झाला आणि तो सर्वस्वी योग्यच आहे. मात्र हजारोंच्या गर्दीला पोट धरून हसवणारी लोकनाट्ये लिहिणारे अण्णाभाऊ त्या मानाने विस्मरणात गेले. वास्तविक, लेखक अण्णाभाऊंच्या आधी जनतेला भेटले ते शाहीर आणि तमासगीर अण्णाभाऊ.

तुकाराम भाऊराव साठे यांचा जन्म १ ऑगस्ट १९२० रोजी वाळवा तालुक्यातील वाटेगाव येथे मातंग समाजात झाला. वडील भाऊराव, आई वालुबाई. ब्रिटिशांच्या गुन्हेगार जमाती कायद्याच्या छायेत जगणाऱ्या या समाजातील माणसाला गावकुसाबाहेरची वस्ती आणि पोलिसांची हजेरी या दोन्ही गोष्टी जन्मासोबतच मिळत. शाळेशी अण्णाभाऊंचा संबंध आला तो अवघा दीड दिवस. अक्षरांशी नाते जडण्याआधी त्यांचे नाते जडले ते गाण्यांशी, गोष्टींशी आणि तमाशाशी. वारणा आणि कृष्णा या नद्यांच्या काठचा हा सारा मुलूख तमाशाचा. विख्यात शाहीर पठ्ठे बापूराव याच वाळवा तालुक्यातील रेठरे हरणाक्षचे. जत्रा आली की फड यावा, कंदिलाच्या किंवा पेट्रोमॅक्सच्या उजेडात ढोलकी कडाडावी आणि पहाटेपर्यंत वग रंगावा, हा येथील लोकजीवनाचा भागच होता.

१९३०च्या दशकाच्या प्रारंभी साठे कुटुंबाने पोटासाठी मुंबईची वाट धरली. गाडीभाड्याला पैसे नसल्याने तीनशे किलोमीटरहून अधिक अंतर पायी तुडवत हे कुटुंब मुंबईला पोहोचले. भायखळा, माटुंगा, पुढे घाटकोपरचे चिरागनगर अशा कष्टकरी वस्त्यांत अण्णाभाऊंचे आयुष्य गेले. हमाली, फेरीवाल्याचे काम, गिरणीतली नोकरी असे जे मिळेल ते त्यांनी केले. दुकानांच्या पाट्या आणि सिनेमाच्या जाहिराती वाचत ते अक्षरे शिकले. माटुंग्याच्या लेबर कॅम्पमध्ये कम्युनिस्ट कार्यकर्त्यांचा सहवास लाभला आणि भोवतालच्या दारिद्र्यामागे कारणे असतात, ती बदलता येतात, याची जाणीव झाली.

मध्यंतरी ते वाटेगावला परतले तेव्हा चुलतभाऊ बापू साठे यांच्या तमाशाच्या फडात काही काळ वावरले. हा काळ थोडा असला तरी महत्त्वाचा होता. तमाशाचा सारा संसार त्यांनी येथे आतून पाहिला. गण, गवळण, बतावणी आणि वग हा तमाशाचा रूढ क्रम. नेपथ्य नाही, पडदा नाही. पात्राने रंगमंचावर एक फेरी मारली की गाव बदलले, असे प्रेक्षकाने मानून घ्यायचे. वगाचे कथानक ठरलेले असे, पण संवाद बहुतांशी जागच्या जागी सुचायचे. या साऱ्याचा कणा म्हणजे सोंगाड्या. तो राजाचा चाकर असतो, पण राजालाच आडवे प्रश्न विचारतो. तो भोळा दिसतो, पण त्याच्या भोळेपणातून मोठ्यांचे ढोंग उघडे पडते. समोर बसलेला श्रोता जसा हसेल तसा तो विनोद वाढवतो अथवा आवरता घेतो. लोकांच्या मनातले बोलण्याची मुभा समाजाने या एका पात्राला शतकानुशतके दिली होती. अण्णाभाऊंच्या प्रतिभेने हेरली ती नेमकी ही जागा.

मुंबईला परतल्यावर १९४४ साली शाहीर अमर शेख आणि शाहीर द. ना. गव्हाणकर यांच्या साथीने त्यांनी लाल बावटा कलापथक उभे केले. या त्रयीत अमर शेख यांचा बुलंद आवाज होता, गव्हाणकरांची शाहिरी होती आणि अण्णाभाऊंची लेखणी होती. स्टालिनग्राडच्या लढ्यावरील पोवाड्याने अण्णाभाऊंचे नाव तोपर्यंत कामगारवर्गात पोहोचले होते. मात्र पोवाडा स्फुरण देतो, तर वग हसवता हसवता विचार करायला लावतो, हे त्यांना पक्के ठाऊक होते. 'अकलेची गोष्ट', 'शेटजींचे इलेक्शन', 'देशभक्त घोटाळे', 'बेकायदेशीर', 'लोकमंत्र्यांचा दौरा', 'मूक मिरवणूक', 'माझी मुंबई' अशी एकामागून एक लोकनाट्ये त्यांच्या लेखणीतून उतरली. नुसत्या नावांवरून नजर फिरवली तरी त्यांचा रोख ध्यानात येतो. सावकार, काळाबाजारवाला, मतांसाठी हात जोडणारा शेटजी, दौऱ्यावर निघालेला मंत्री ही त्यांच्या विनोदाची लक्ष्ये होती.

त्यांनी तमाशाच्या अंगात जे बदल केले ते वरवरचे नव्हते. गणातील देवतावंदनाच्या जागी त्यांनी मातृभूमीला आणि कष्टकऱ्यांना वंदन केले. कृष्ण, पेंद्या आणि गवळणी यांच्या छेडछाडीवर उभी असलेली गवळण त्यांनी वगळली. राजाराणीच्या कथा जाऊन वगात शेतकरी आणि गिरणी कामगार आले. शृंगाराऐवजी उपरोध हा रस मुख्य झाला. परंतु ढोलकी, तुणतुणे, बतावणीतली हजरजबाबी खटकेबाजी आणि सोंगाड्याचे आडवळणी प्रश्न त्यांनी जसेच्या तसे ठेवले. प्रेक्षकाला घर ओळखीचे वाटावे आणि आतले बिऱ्हाड मात्र नवे असावे, अशी ही किमया होती. फडात सोंगाड्याच्या विनोदावर वाड्यातला पाटीलही हसत असे. अण्णाभाऊंच्या वगात पाटील आणि शेटजी हे स्वतःच हसण्याचा विषय झाले. ज्यांना आयुष्यभर मान खाली घालून जगावे लागले त्यांना काही घटका मान वर करून, आपल्याला नाडणाऱ्यावर मोकळेपणी हसता आले.

हा प्रयोग एकाएकी आकाशातून पडलेला नव्हता. महात्मा फुले यांनी १८५५ साली 'तृतीय रत्न' लिहून शेतकऱ्याची फसवणूक नाट्यरूपाने मांडली होती. सत्यशोधक जलशांनी आणि पुढे आंबेडकरी जलशांनी तमाशाचा साचा प्रबोधनासाठी वापरला होता. राष्ट्र सेवा दलाचे कलापथकही याच काळात लोकरंजनातून लोकशिक्षण करीत होते. त्यासाठी पु. ल. देशपांडे यांनी लिहिलेले 'पुढारी पाहिजे' आणि अण्णाभाऊंचे 'पुढारी मिळाला' ही दोन शीर्षके शेजारी ठेवली तरी दोन विचारसरणींच्या कलापथकांमध्ये रंगमंचावरून कसा संवाद चालला असेल, याची कल्पना येते. अण्णाभाऊंचे वेगळेपण असे की, ज्यांच्यासाठी ते लिहीत होते त्यांच्यातच ते राहत होते. त्यामुळे त्यांच्या विनोदात उपदेशकाचा आव नाही. तो चाळीच्या नळावरचा, गिरणीच्या फाटकावरचा आणि शेताच्या बांधावरचा विनोद आहे.

सत्तेला क्रोधापेक्षा हशा अधिक झोंबतो. स्वातंत्र्यानंतरच्या पहिल्या काही वर्षांत, मोरारजी देसाई मुंबई राज्याचे गृहमंत्री असताना, तमाशावर आणि लाल बावटा कलापथकाच्या कार्यक्रमांवर बंदीची कुऱ्हाड कोसळली. तमाशा अश्लील आहे, हे त्यामागचे एक सांगितले जाणारे कारण. लाल बावट्याच्या बाबतीत मात्र खरी अडचण अश्लीलतेची नव्हती, हे उघड होते. तमाशा या शब्दाभोवती जमलेली बदनामी अण्णाभाऊंनी ओळखली आणि आपल्या प्रयोगांसाठी लोकनाट्य हा शब्द वापरला. तो पुढे मराठीत कायमचा रूढ झाला. याच सुमारास, १९४९ साली, अलाहाबादच्या अधिवेशनात त्यांच्याकडे 'इप्टा' या अखिल भारतीय नाट्यसंस्थेचे अध्यक्षपद आले. दीड दिवस शाळेत गेलेला वारणाकाठचा माणूस देशभरातील नाट्यकर्मींच्या अग्रस्थानी पोहोचला.

संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीत या कलेचा पुरता कस लागला. मुंबई कुणाची, हा प्रश्न 'माझी मुंबई' या लोकनाट्यातून त्यांनी ज्यांच्या घामावर ही नगरी उभी आहे त्या कामगारांच्या बाजूने सोडवला. 'माझी मैना गावावर राहिली' ही त्यांची छक्कड तर घरोघरी पोहोचली. गावी राहिलेल्या प्रियेचा विरह आणि महाराष्ट्रापासून तुटलेल्या सीमाभागाची वेदना त्यांनी एकाच गाण्यात गुंफली. बेळगाव, कारवार, निपाणीच्या मराठी माणसाला आजही त्या छक्कडीत आपले दुःख सापडते. १ मे १९६० रोजी महाराष्ट्र राज्य स्थापन झाले. शाहिरांच्या कष्टांचे चीज झाले, परंतु सीमेचा सल तसाच राहिला.

कलापथकाचा भर ओसरला तसे अण्णाभाऊ कथा-कादंबऱ्यांकडे अधिक वळले. सुमारे ३५ कादंबऱ्या आणि अनेक कथासंग्रह त्यांच्या नावावर आहेत. कोल्हापुरात वास्तव्यास असलेले ज्येष्ठ साहित्यिक वि. स. खांडेकर यांची प्रस्तावना लाभलेली 'फकिरा' १९५९ साली प्रसिद्ध झाली. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या लेखणीला अर्पण केलेल्या या कादंबरीला १९६१ साली राज्य शासनाचा पुरस्कार मिळाला. 'वारणेच्या खोऱ्यात' आणि 'वारणेचा वाघ' या कादंबऱ्यांत त्यांनी आपल्या नदीचे नाव मराठी साहित्यात कोरले. तमासगीर स्त्रीच्या जीवनावरील 'वैजयंता' या कादंबरीवर १९६१ साली चित्रपट निघाला. त्याच वर्षी ते रशियाला जाऊन आले आणि तो अनुभव त्यांनी प्रवासवर्णनात मांडला.

एवढे यश पदरात पडूनही दारिद्र्याने त्यांची पाठ सोडली नाही. आयुष्याचा मोठा काळ त्यांनी चिरागनगरच्या झोपडीतच काढला. पुस्तके खपत होती, चित्रपट निघत होते, पण त्यांतला पैसा लेखकाच्या घरापर्यंत फारसा पोहोचत नव्हता. ज्याने आयुष्यभर शोषणावर लोकांना हसवले त्याच्याच वाट्याला हे यावे, यात एक क्रूर विरोधाभास आहे. १८ जुलै १९६९ रोजी मुंबईत वयाच्या अवघ्या ४८व्या वर्षी त्यांचे निधन झाले. त्यानंतर बरोबर सहा आठवड्यांनी, २९ ऑगस्ट रोजी, अमर शेख यांनीही अपघातात जगाचा निरोप घेतला. लाल बावट्याचे दोन बुलंद आवाज एकाच पावसाळ्यात शांत झाले.

अण्णाभाऊंनी रुळवलेल्या लोकनाट्याच्या वाटेवरून पुढे अनेक जण चालले. कोल्हापूर जिल्ह्यातील पट्टणकोडोलीचे शंकर पाटील यांचे 'कथा अकलेच्या कांद्याची' निळू फुले यांनी गाजवले. वसंत सबनीस यांच्या 'विच्छा माझी पुरी करा' मधून दादा कोंडके घराघरांत पोहोचले. या लोकनाट्यांनी शहरी मध्यमवर्गालाही सोंगाड्याची गोडी लावली आणि ती तिकीटबारीवर तुफान चालली. राजाला प्रश्न विचारणारा सोंगाड्या त्यांतही होता. मात्र प्रयोग संपल्यावर प्रेक्षकाने मोर्चात सामील व्हावे, ही अण्णाभाऊंची अपेक्षा हळूहळू मागे पडली.

मृत्यूनंतर सन्मान आले. २००२ साली टपाल खात्याने त्यांच्यावर तिकीट काढले. २०२२ साली मॉस्कोत त्यांच्या पुतळ्याचे अनावरण झाले. दरवर्षी १ ऑगस्टला गावोगाव मिरवणुका निघतात. या मिरवणुकांत पुतळ्याला हार पडतात, पण लोकनाट्यांचे प्रयोग मात्र क्वचितच होतात. आज कोणत्याही गावच्या जत्रेत विनोदी वग सुरू झाला की प्रेक्षकांतून मोबाइलचे कॅमेरे वर होतात आणि सोंगाड्याची मुद्रा क्षणात टिपली जाते. अण्णाभाऊंच्या काळी मैदानात उकिडवा बसलेल्या कामगाराचे डोळे हाच कॅमेरा होता आणि त्याची आठवण हाच संग्रह. ती पिढी आता गेली. हाती उरल्या आहेत त्या छापील संहिता. हशा पिकल्यावर सोंगाड्या किती क्षण थांबला, कोणत्या वाक्यावर ढोलकीची थाप पडली, हे कागदावर उमटत नाही.

म्हणूनच ही लोकनाट्ये ग्रंथालयाच्या कपाटात ठेवून भागणार नाही. त्यांतले शेटजी आणि पुढारी आजच्या वेशात सहज उभे राहू शकतात. वारणेच्या दोन्ही काठांवर हौशी नट आहेत, ढोलकीवाले आहेत आणि हसायला उत्सुक असलेला प्रेक्षकही आहे. 'अकलेची गोष्ट' पुन्हा एकदा उघड्या मैदानात रंगली आणि पुढच्या रांगेतल्या मान्यवरांना खुर्चीत थोडे अवघडल्यासारखे झाले, तर वाटेगावच्या या शाहिराला त्याहून मोठी मानवंदना कोणती असेल?