हेर्मान फ्योटिंगर

हेर्मान फ्योटिंगर (९ फेब्रुवारी, १८७७:न्युर्नबर्ग, जर्मनी – २८ एप्रिल, १९४५:बर्लिन, जर्मनी) हे जर्मन अभियंते व संशोधक होते. द्रवाच्या प्रवाहातून शक्ती वाहून नेणाऱ्या यंत्रणेचे ते जनक मानले जातात. ऑटोमॅटिक मोटारींतील टॉर्क कन्व्हर्टर हा त्यांच्या १९०५ सालच्या पेटंटाचा वारसा आहे. मात्र त्यांच्यापुढे प्रश्न मोटारीचा नव्हे, तर जहाजाचा होता.

जीवन व संशोधन

म्युनिक येथे विद्युत अभियांत्रिकीचे शिक्षण घेऊन फ्योटिंगर १८९९ मध्ये श्टेटिन येथील व्हल्कन जहाजबांधणी कारखान्यात रुजू झाले. त्या काळी जहाजांवर वाफेची टर्बाइन येऊ लागली होती. टर्बाइन वेगाने फिरली तर कार्यक्षम ठरते, पाण्यातील पंखा मात्र सावकाश फिरला तरच. एवढी शक्ती पेलणारी भरवशाची दातेरी चक्रे तेव्हा सहज उपलब्ध नव्हती. फ्योटिंगर यांनी आधी जनित्र व विद्युत मोटर यांचा विचार केला. पण ती व्यवस्था जड व खर्चिक होती. मग जनित्राच्या जागी पंप आणि मोटरच्या जागी जलटर्बाइन त्यांनी कल्पिली. पंप व टर्बाइन यांना जोडणाऱ्या नळ्यांत शक्ती वाया जाते, म्हणून नळ्याच वगळून दोन्ही चक्रे एका बंद कवचात बसवली. त्यांच्यामधील स्थिर पाती प्रवाह वळवतात आणि त्यामुळे फिरवण्याचा जोर वाढतो. या शोधाचे खरे मर्म हेच होय.

१९०९ मध्ये एका चाचणी नौकेवर हे यंत्र चालवून पाहण्यात आले. त्याच वर्षी ते डान्झिग येथे प्राध्यापक झाले. पुढे दातेरी चक्रे सुधारली आणि कार्यक्षमतेत कमी पडणारे हे यंत्र जहाजांवरून मागे हटले. १९२४ पासून फ्योटिंगर बर्लिनच्या तांत्रिक विद्यापीठात होते. दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरीस, बर्लिनच्या लढाईत तोफगोळ्याचा तुकडा लागून त्यांचा मृत्यू झाला.

मोटारींतील उपयोग

जनरल मोटर्सच्या १९३९ मधील हायड्रामॅटिकमध्ये द्रव-जोडणी होती. १९४८ च्या ब्यूक डायनाफ्लोमध्ये टॉर्क कन्व्हर्टर आला. जुन्या ऑटोमॅटिक गाडीतील बिघाड शोधताना आजही हेच तत्त्व कामी येते. ब्रेक दाबून, गाडी 'डी' मध्ये ठेवून ॲक्सिलरेटर पूर्ण दाबल्यास टर्बाइन अडलेली राहते व इंजिनाचे फेरे एका मर्यादेवर थांबतात. ते निर्मात्याने दिलेल्या आकड्यापेक्षा वर गेले तर गिअरपेटीतील क्लच घसरत आहेत असे समजावे. खूप खाली राहिले तर इंजिन दुबळे आहे किंवा कन्व्हर्टरमधील पात्यांचा एकदिशा क्लच निकामी झाला आहे. अडलेल्या स्थितीत इंजिनाची सगळी शक्ती तेल तापवण्यात जाते. म्हणून ही चाचणी काही सेकंदांतच आटोपावी लागते. तेल काळपट होऊन जळका वास येणे, हे क्लचच्या चकत्या जळल्याचे लक्षण असते. गिअर पडण्यास विलंब होत असल्यास, काहीही उघडण्यापूर्वी तेलाची पातळी पाहावी.

भारतात

भारतीय रेल्वेच्या शंटिंगच्या डिझेल-हायड्रॉलिक इंजिनांत हेच तत्त्व वापरले गेले. भारतीय अभियंते मनमोहन सुरी यांनी विकसित केलेले सुरी ट्रान्समिशन याच परंपरेतील आहे.